घोड्याविना गाडी: मोटारगाडी नेमकी कशी घडली

पॅरिसमधील ‘म्युझे दे आर ए मेतिए’ या संग्रहालयात एक अवजड लाकडी गाडा जपून ठेवलेला आहे. फ्रेंच सैन्यातील अभियंता निकोला-जोझेफ क्युन्यो याने तोफा ओढण्यासाठी तो बांधला. त्याचा लहान नमुना 1769 मध्ये चालला आणि पूर्ण आकाराचा गाडा त्यानंतर लवकरच तयार झाला. त्याला चाके तीन होती, आणि पुढच्या एकुलत्या चाकाच्याही पुढे एक भलामोठा बॉयलर टांगलेला होता. त्याचा वेग ताशी सुमारे 4 किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढाच होता. पंधराएक मिनिटे चालल्यावर वाफ संपे आणि ती पुन्हा तयार होईपर्यंत गाडा जागच्या जागी थांबून राही. जनावराशिवाय, स्वतःच्या शक्तीने रस्त्यावर चालणारे वाहन म्हणजे मोटारगाडी, एवढीच व्याख्या केली तर तिचा शोध इथेच लागला असे म्हणावे लागेल. तरीही शोधाचा मान जगभर दिला जातो तो जर्मनीच्या कार्ल बेंझला आणि त्याच्या 1886 सालच्या तीनचाकीला. माझ्या मते हा मान योग्य ठिकाणी गेला आहे. पण तो का, हे समजण्यासाठी मधल्या 117 वर्षांत घोडे नेमके कुठे अडले होते ते पाहावे लागते.

अडचण चाके फिरवण्याची नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेची इंजिने खाणींतले पाणी उपसत होती आणि गिरण्या चालवत होती, म्हणजे यंत्राने चाक फिरवणे माणसाला चांगले जमले होते. मात्र ही यंत्रे एका जागी बसवलेली असत. रस्त्यावरच्या गाडीला आपली शक्ती स्वतःच्या पाठीवर वाहून न्यावी लागते, आणि वाफेच्या बाबतीत ‘शक्ती’ म्हणजे भट्टी, बॉयलर, कोळसा, शेकडो लिटर पाणी आणि भट्टीत कोळसा घालणारा माणूस असा सगळा संसार होता. रेल्वेला हे परवडले, कारण लोखंडी रुळांवर चाकांना विरोध फार कमी होतो आणि इंजिनाचे वजन पेलण्याची जबाबदारी रूळ घेतात. खडी-मातीच्या रस्त्यावर तेच वजन चाकांना जमिनीत रुतवत असे. इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने 1801 मध्ये वाफेची गाडी रस्त्यावर चालवली, आणि 1830 च्या दशकात गोल्ड्सवर्दी गर्नी व वॉल्टर हॅन्कॉक यांच्या वाफेच्या गाड्यांनी उतारूंची वाहतूकही केली. पण रस्त्यांवरचे जबर टोल आणि वाढती रेल्वे यांच्यापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. पुढे 1865 च्या कायद्याने रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी 4 मैल आणि गावात ताशी 2 मैल अशी मर्यादा घातली, शिवाय लाल बावटा घेतलेला एक माणूस गाडीच्या पुढे पायी चालवणे सक्तीचे केले. हे बंधन 1896 मध्ये उठले. औद्योगिक क्रांतीची जन्मभूमी असलेला देश मोटारगाडीच्या बाबतीत मागे राहिला, त्याला या कायद्याचाही मोठा हातभार लागला.

वाफेच्या यंत्रात इंधन एकीकडे जळते आणि काम दुसरीकडे होते: आग बॉयलरखाली असते, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये सरकतो. या दोहोंमधला सगळा पसारा टाळायचा असेल, तर इंधन थेट सिलिंडरच्या आतच जाळायला हवे. हवा आणि जळणारा वायू यांचे मिश्रण आत घ्यावे, ठिणगी टाकून ते पेटवावे आणि तापून प्रसरण पावणाऱ्या वायूंच्या जोराने दट्ट्याला ढकलावे, म्हणजे बॉयलरची गरजच उरत नाही. पॅरिसमध्ये राहणाऱ्या एत्येन लन्वारने 1860 मध्ये असे इंजिन बनवून विकायला काढले, आणि 1863 मध्ये ते बसवलेली गाडी पॅरिसहून ज्वानव्हिल-ल-पोंपर्यंत नेऊन आणली. तिचा वेग चालत्या माणसापेक्षा फारसा जास्त नव्हता. लन्वारचे इंजिन वायू आणि हवेचे मिश्रण पेटवण्याआधी दाबत नसे, त्यामुळे पुष्कळ वायू जाळूनही हाती फार थोडी शक्ती येई.

पुढचे पाऊल म्हणजे दाब. मिश्रण आधी लहानशा जागेत कोंबून मग पेटवले, तर त्याच इंधनातून कितीतरी अधिक काम निघते. फ्रान्सच्या अल्फोन्स बो द रोशाने 1862 मध्ये हे तत्त्व कागदावर मांडले होते. ते खरोखरीच्या, टिकाऊ यंत्रात उतरवले जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने, 1876 मध्ये, कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील कारखान्यात. यालाच आज आपण फोर स्ट्रोक इंजिन म्हणतो. दट्ट्या पहिल्यांदा खाली सरकतो तेव्हा मिश्रण आत ओढले जाते. तो वर येतो तेव्हा झडपा बंद असतात आणि मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली फेकला जातो. शेवटी तो पुन्हा वर येतो आणि जळालेला वायू उघड्या झडपेतून बाहेर जातो. चार धावांपैकी एकच धाव कामाची असते; उरलेल्या तीन पार पडतात त्या फ्लायव्हील या इंजिनाला जोडलेल्या जड चाकामध्ये साठलेल्या गतीच्या बळावर. दुचाकीपासून ट्रकपर्यंत आज रस्त्यावर धावणारी बहुतेक पेट्रोल आणि डिझेल इंजिने याच चार धावांच्या क्रमाने चालतात.

असे असूनही ऑटोचे इंजिन गाडीत बसण्यासारखे नव्हते. ते शहराच्या गॅसच्या नळाला जोडलेले असे, त्याचे वजन प्रचंड होते आणि ते मिनिटाला दोनशेच्या आतच फेरे घेई. इंजिनाची शक्ती दोन गोष्टींवर ठरते: एका स्फोटात किती काम होते आणि मिनिटाला असे किती स्फोट होतात. स्फोट लहान ठेवून त्यांची संख्या वाढवली, तर इंजिन हलके ठेवूनही तेवढीच शक्ती मिळू शकते. ऑटोच्याच कारखान्यात वरच्या पदांवर असलेल्या गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ही गोष्ट हेरली. 1882 मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि स्टुटगार्टजवळच्या कानस्टाट येथे डाइमलरच्या बागेतील काचघरात त्यांनी कार्यशाळा थाटली. तिथे रात्रंदिवस जे गुपचूप चालले होते त्यावरून शेजारच्यांना खोटी नाणी पाडण्याचा संशय आला आणि पोलिसांनी झडती घेतली, असे सांगतात. 1885 पर्यंत त्यांनी मिनिटाला सुमारे 600 फेरे घेणारे आटोपशीर इंजिन बनवले. ते आधी एका लाकडी दुचाकीवर आणि 1886 मध्ये विकत घेतलेल्या चारचाकी घोडागाडीवर चढवले.

त्याच वेळी तिथून शंभरएक किलोमीटरवर, मानहाइममध्ये, कार्ल बेंझ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होता. रेल्वेचे इंजिन चालवणारे त्याचे वडील तो दोन वर्षांचा असतानाच वारले. आईने हलाखीत त्याला शिकवून अभियंता केले. 1871 मध्ये भागीदारीत काढलेला कारखाना बुडायला आला, तेव्हा त्याची वाग्दत्त वधू बर्था रिंगर हिने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम देऊन भागीदाराचा वाटा विकत घेववला. चार धावांच्या इंजिनाचे पेटंट ऑटोकडे असल्यामुळे बेंझने आधी टू स्ट्रोक इंजिन केले आणि त्याच्या विक्रीवर घर सावरले. बो द रोशाचे काम आधीचे असल्याच्या कारणावरून ऑटोचे पेटंट जर्मनीत 1886 मध्ये रद्द झाले. बेंझची फोर स्ट्रोक इंजिनाची गाडी तोवर तयार होती. 29 जानेवारी 1886 रोजी त्याने ‘गॅस इंजिनावर चालणारे वाहन’ यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि त्याला 37435 हा क्रमांक मिळाला. हा दस्तऐवज 2011 पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ या नोंदवहीत आहे.

या गाडीकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण बेंझचे श्रेय तिच्या एकेका भागात दडलेले आहे. एकच सिलिंडर, 954 घनसेंटिमीटरचा, शक्ती जेमतेम पाऊण अश्वशक्ती, आणि वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर. आजच्या साध्या स्कूटरपेक्षाही हे कितीतरी कमी आहे. मात्र सांगाडा पोलादी नळ्यांचा, चाके सायकलसारखी तारांची, त्यामुळे संपूर्ण गाडीचे वजन तीनशे किलोच्या आत राहिले. इंधन म्हणून त्याने लिग्रॉइन हा पेट्रोलचा प्रकार घेतला, जो तेव्हा डाग काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळे. तो आपोआप उडून जातो या गुणाचा उपयोग करून त्याच्या वाफा हवेत मिसळणारे भांडे, म्हणजे कार्ब्युरेटर, त्याने तयार केले. गॅसच्या नळाशी असलेली इंजिनाची नाळ इथे तुटली. पेटवण्यासाठी बॅटरी आणि विद्युत गुंडाळी यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची सोय केली. डाइमलर त्या वेळी सतत तापलेली नळी वापरत होता. पुढच्या काळात जिंकली ती बेंझची विजेची ठिणगी. सिलिंडर थंड ठेवण्यासाठी भोवती पाणी खेळवले होते; ते उकळून उडून जाई आणि पुन्हा पुन्हा भरावे लागे. इंजिनाची गती आधी पट्ट्याने मधल्या दांड्यावर आणि तिथून दोन साखळ्यांनी मागच्या चाकांवर येई. पट्टा मोकळ्या फिरणाऱ्या चाकावर सरकवला की इंजिन चालू असतानाही गाडी थांबे, म्हणजे क्लचचे काम तो पट्टाच करी.

यातला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा बाहेरच्या बैलाला तेवढ्याच वेळात आतल्या बैलापेक्षा बरेच जास्त अंतर चालावे लागते. वळणावर गाडीच्या दोन चाकांचे तसेच होते. बैलगाडीत किंवा घोडागाडीत याची फिकीर नसते, कारण तिथे प्रत्येक चाक आसाभोवती सुटे फिरते आणि ओढणारा जीव वेगळा असतो. पण इंजिनाने दोन्ही चाकांना एकाच दांड्याने फिरवायचे ठरवले, की वळताना एक चाक घसटत जाणार आणि दांड्याला पीळ बसणार. दोन्ही चाकांना जोर द्यायचा, तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हे काम दंतचक्रांचा एक जोडसंच करतो आणि तो बेंझने मधल्या दांड्यावर बसवला. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती, ती आधीपासून माहीत होती. ठिणगी, वाफाळणारे इंधन, हलका सांगाडा यांपैकीही प्रत्येकाला कोणी ना कोणी पूर्वज आहे. बेंझने गाडीला इंजिन जोडले नाही. इंजिन, सांगाडा, चाके आणि सुकाणू यांचा एकमेकांशी मेळ घालून एकच यंत्र रचले. डाइमलरला आपले इंजिन होड्यांपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे बसवायचे होते; बेंझला गाडीच बनवायची होती. पहिल्या मोटारगाडीचा मान त्याच्याकडे जातो तो यासाठी.

सुकाणूचा प्रश्न मात्र त्याला तेव्हा सुटला नव्हता, आणि गाडीला तीनच चाके असण्याचे कारण तेच होते. घोडागाडीत पुढचा संपूर्ण आस मधल्या खिळ्यावर वळतो. घोडा नसताना अशा आसाच्या एका टोकाला दगडाचा धक्का बसला, की सगळा जोर चालकाच्या हाताला बसतो. प्रत्येक चाक आपल्या जागी स्वतंत्र वळवण्याची पद्धत घोडागाड्यांसाठी सुचवली गेली होती, आणि अमेदे बोले या फ्रेंच कारागिराने 1873 मध्ये वाफेच्या गाडीवर ती वापरलीही होती. बेंझने 1893 मध्ये आपल्या पद्धतीने तिचे पेटंट घेतले आणि चार चाकांवर आला.

3 जुलै 1886 रोजी मानहाइमच्या रस्त्यावर गाडीची पहिली जाहीर फेरी झाली, वर्तमानपत्रांत बातमीही आली, पण गिऱ्हाईक येईना. इथे बर्था बेंझने जे केले त्याला निव्वळ धाडस म्हणणे मला अपुरे वाटते. ऑगस्ट 1888 मध्ये पतीला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन, ती मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला गाडीने निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त होते, आणि तोवर पेट्रोलवर चालणारी कोणतीही गाडी एवढ्या लांब गेली नव्हती. वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली, आणि लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. चढ आले की मुलांना उतरून ढकलावे लागे. हे बारकावे मुख्यतः बेंझ कुटुंबाच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले आहेत. या प्रवासाने गाडीची खरी परीक्षा झाली: चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला अस्तर हवे, हे त्यातूनच कळले आणि बेंझने चढासाठी गिअरची सोय केली. ज्या पेटंटमागे तिचा पैसा होता आणि ज्या यंत्राची पहिली लांब चाचणी तिने घेतली, त्या पेटंटवर बर्थाचे नाव नाही.

शोध जर्मनीत लागला, पण गाडीला आजचे रूप दिले फ्रान्सने. तिथले रस्ते उत्तम होते, आणि हौसेवर पैसा खर्च करणारा वर्गही होता. पनार आणि लव्हासोर या कंपनीकडे डाइमलरच्या इंजिनाचा परवाना होता. एमिल लव्हासोरने 1891 मध्ये इंजिन पुढे, त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांना गती अशी मांडणी केली, आणि पुढे अनेक दशके जगातल्या बहुतेक गाड्या याच मांडणीच्या होत्या. 1895 मध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची, सुमारे 1,178 किलोमीटरची शर्यत झाली. लव्हासोरने जवळजवळ सलग 48 तास 48 मिनिटे गाडी हाकून ती सर्वांत आधी पुरी केली. मात्र नियम चार आसनांच्या गाडीचा होता आणि त्याची गाडी दोन आसनांची, म्हणून पहिले बक्षीस एका प्यूजो गाडीला मिळाले. याच शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवा भरलेले टायर मोटारगाडीला लावून आणले. ते वारंवार पंक्चर झाले, पण काही वर्षांतच भरीव रबर मागे पडले. आणि शेवटपर्यंत पोचलेल्या मोजक्या गाड्यांत एक सोडता बाकी सगळ्या पेट्रोलच्या होत्या.

यावरून पेट्रोलचा विजय ठरूनच गेला होता असे वाटेल, पण तसे नव्हते. 1900 साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे 4,200 गाड्यांपैकी पेट्रोलच्या गाड्या हजाराच्याही आत होत्या. उरलेल्या वाफेच्या आणि विजेच्या होत्या. ताशी 100 किलोमीटरचा टप्पा सर्वांत आधी ओलांडला तो विजेच्या गाडीने, बेल्जियमच्या कामी जेनात्झीने, 29 एप्रिल 1899 रोजी. विजेची गाडी शांत, धूर नसलेली आणि चालवायला सोपी होती; तिला गिअर नव्हते आणि सुरू करण्यासाठी हँडल मारावे लागत नसे. वाफेची गाडी दमदार होती, पण निघण्याआधी पाणी तापण्याची वाट पाहणे तिच्या मालकाच्या नशिबी होते. पेट्रोलची गाडी कर्कश, थरथरणारी आणि तेलकट होती. मग तीच का टिकली? उत्तर पुन्हा पाठीवरच्या ओझ्यात आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॉट-तास ऊर्जा असते. एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत आजही त्याच्या एक टक्कासुद्धा मावत नाही. पेट्रोल इंजिन यातली बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तरी हिशेब पेट्रोलच्याच बाजूने राहतो. शिवाय डबा उलटा केला की टाकी भरते, तर बॅटरी भरायला तास लागतात आणि त्या काळी वीज होती फक्त शहरांत. 1901 मध्ये टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि अमेरिकेत खनिज तेलाचा पुरवठा अफाट वाढला.

इंजिनही दरम्यान सुधारत होते. मायबाखने 1893 मध्ये पेट्रोलचा बारीक फवारा हवेत सोडणारा कार्ब्युरेटर बनवला, रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने ठिणगीसाठी भरवशाचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने वीज तयार करणारे छोटे यंत्र, दिला. एमिल येलिनेक या धनाढ्य गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मायबाखने 1901 मध्ये 35 अश्वशक्तीची ठेंगणी, लांब गाडी बाजारात आणली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर तिच्या तोंडाशी होता, त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड होऊन फिरत राहिले आणि दर काही मैलांवर पाणी भरण्याचा त्रास संपला. येलिनेकने आपल्या मुलीचे नाव तिला दिले: मर्सिडीज.

ही सगळी श्रीमंतांची वाहने होती. सामान्य माणसाच्या आवाक्यात गाडी आणण्याचे काम अमेरिकेत झाले. रॅन्सम ओल्ड्सने 1901 पासून एकाच नमुन्याच्या स्वस्त गाड्या मोठ्या संख्येने बनवल्या, आणि हेन्री फोर्डने 1908 मध्ये मॉडेल टी आणली. खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकेल अशी उंच, कमी वजनाची, शेतकऱ्यालाही दुरुस्त करता येईल अशी ही गाडी सुरुवातीला 850 डॉलरला होती. 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली: कामगार गाडीकडे जाण्याऐवजी गाडीच कामगारासमोर येऊ लागली आणि प्रत्येकाने एकच ठरलेले काम करायचे. एका सांगाड्याच्या जुळणीला आधी साडेबारा तास लागत, ते काम 1914 मध्ये 93 मिनिटांवर आले. तेच ते काम दिवसभर करण्याला कामगार कंटाळून नोकरी सोडू लागले, म्हणून त्याच वर्षी फोर्डला रोजाचे मोल पाच डॉलरपर्यंत वाढवावे लागले. किंमत उतरत उतरत 1920 च्या दशकाच्या मध्यास 300 डॉलरच्याही खाली गेली, आणि 1927 पर्यंत दीड कोटींहून अधिक मॉडेल टी गाड्या तयार झाल्या.

पेट्रोलच्या गाडीतला शेवटचा मोठा जाच हँडलचा होता. इंजिन आपण होऊन सुरू होत नाही, पहिला दाब बाहेरून द्यावा लागतो; त्यासाठी पुढे उभे राहून जोर लावावा लागे, आणि इंजिन उलटे फिरले तर हँडलच्या फटक्याने मनगट मोडे. विजेच्या गाड्यांचे शहरांतले गिऱ्हाईक या एका कारणाने टिकून होते. चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवून हे काम विजेवर सोपवले, आणि 1912 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत ती सोय आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत विजेच्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. मॉडेल टीच्या मालकांना मात्र विजेच्या स्टार्टरसाठी 1919 सालापर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही त्याचे पैसे वेगळे मोजावे लागत.